मुठीतला डोळा

होनएज ही तलवार आहे आणि ती स्वतःच एक प्राणी आहे. पातं संपून मूठ सुरू होते तिथं तिला एकच डोळा आहे, आणि मुठीच्या टोकाला निळ्या कापडाचा लांब पट्टा. ऑक्टोबर २०१३ मध्ये आलेल्या ‘पोकेमॉन एक्स’ आणि ‘पोकेमॉन वाय’ या खेळांत ती पहिल्यांदा दिसली. खेळातली माहिती सांगते की मेलेल्या कुणाचा तरी आत्मा तलवारीत शिरला की होनएज जन्माला येतो. कुणी हौसेनं मूठ धरली, तर तो निळा पट्टा त्याच्या हाताला गुंडाळतो आणि त्याची सगळी जीवनशक्ती शोषून घेतो.

पुढे तिची वाढ होते. एकीच्या दोन तलवारी होतात, तो डबलेड. त्यानंतर येतो एजिस्लॅश, हातात ढाल असलेली भुताची तलवार. तो पिढ्यान्‌पिढ्या राजांच्या पदरी होता म्हणे, आणि आपल्या शक्तीनं माणसांना हवं तसं वागवत होता. कोण राजा होणार हेही त्याला आधीच कळतं. खेळात त्याची दोन रूपं आहेत. ‘एक्स’ आणि ‘वाय’मध्ये ढालीच्या रूपात त्याचा बचाव १५० आणि हल्ला ५० होता. तलवारीच्या रूपात बरोबर उलटं, हल्ला १५० आणि बचाव ५० होता. म्हणजे वार करायचा तर स्वतःला उघडं पाडावं लागतं. हे सगळं मला माझ्या तेरा वर्षांच्या भावानं शिकवलं. मी साहित्याची विद्यार्थिनी, त्यामुळे मी ते गोष्ट म्हणून ऐकलं. तो मात्र जिंकण्यासाठी सांगत होता.

भुताचं हत्यार ही कल्पना काही व्हिडिओ गेमवाल्यांची नाही. जपानात जुनी समजूत आहे की वापरातली वस्तू शंभर वर्षांची झाली की तिच्यात जीव येतो. अशा वस्तूंना ‘त्सुकुमोगामी’ म्हणतात. तिथल्या मुरोमाची काळातल्या चित्रकथेत, वर्षअखेरीच्या साफसफाईत बाहेर फेकलेली भांडीकुंडी चिडतात आणि माणसांवर सूड उगवतात. फिनलंडच्या ‘कालेवाला’त कुल्लेर्वो मरण्याआधी आपल्या तलवारीला विचारतो, तू माझं रक्त पिशील का? आणि तलवार उत्तर देते. इंग्रज लेखक मायकेल मूरकॉकनं १९६१ पासून एल्रिकच्या गोष्टी लिहिल्या. एल्रिक हा अशक्त, आजारी राजा. त्याची काळी तलवार स्टॉर्मब्रिंगर मारलेल्या माणसाचा आत्मा पिते आणि ती ताकद राजाला देते. कधी ती त्याच्या हातातच वळते आणि त्याच्या जवळच्याच माणसाला मारते. राजा रडतो, आणि पुन्हा तीच तलवार उचलतो.

या गोष्टी वाचताना मला एक प्रश्न छळायला लागला. तलवारच जिवंत असेल, तर गुन्हा कुणाचा? हात कुणाचा आणि इच्छा कुणाची? भुताच्या तलवारीत एक मोठी सोय आहे. ‘मी नाही मारलं, तिनं मारलं’ असं म्हणता येतं. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत ही सोय आहे का, ते बघावं म्हणून मी शोधायला लागले, आणि तिथं मला होनएजची थोरली बहीणच सापडली.

महाभारताच्या शांतिपर्वात नकुल शरपंजरी पडलेल्या भीष्माला विचारतो की तलवार जन्मली कशी. तो स्वतः तलवारबाज, म्हणून त्याला हे विचारावंसं वाटतं. भीष्म सांगतो ती गोष्ट अशी. दानव माजले, तेव्हा ब्रह्मदेवानं हिमालयावर यज्ञ केला. त्या अग्नीतून एक भूत उठलं. निळ्या कमळासारखा रंग, तीक्ष्ण दात, खपाटीला गेलेलं पोट, प्रचंड उंची. पृथ्वी हादरली, समुद्र खवळला. ब्रह्मदेव म्हणाला, हा ‘असि’, जगाच्या रक्षणासाठी मी याचा विचार केला होता. मग त्या भुतानं आपलं रूप टाकलं आणि ती झळाळती तलवार झाली. ब्रह्मदेवानं ती रुद्राला दिली, रुद्राकडून ती विष्णूकडे गेली, आणि हातोहात होत शेवटी मनूकडे, म्हणजे माणसांकडे आली.

इथं प्राणीच आधी आहे, तलवार नंतर. पण मला थांबवलं ते पुढच्या भागानं. तलवार मनूच्या हाती देताना सोबत अटीही दिल्या जातात. मर्यादा मोडणाऱ्याला आधी शब्दानं आवरावं, मग दंड करावा. क्षुल्लक कारणासाठी कुणाचा अवयव तोडू नये, जीव घेऊ नये. तलवारीच्या आठ नावांतलं एक नावच ‘धर्मपाल’ आहे. म्हणजे हत्यार जिवंत आहे हे मान्य, तरी जबाबदारी ज्याच्या हाती ते दिलं त्याचीच.

रामायणात तर हत्यारं चक्क बोलायला येतात. बालकांडात विश्वामित्र रामाला अस्त्रं देतो, तेव्हा ती देह धरून हात जोडून समोर उभी राहतात. काही निखाऱ्यासारखी, काही धुरासारखी, काही चंद्रसूर्यासारखी. काय करू, असं विचारतात. राम त्यांना सांगतो की आता जा, माझ्या मनात राहा, गरज पडेल तेव्हा या. हे वाचल्यावर मला बरं वाटलं. हत्यार हुकूम मागतं, आणि माणूस त्याला सांगू शकतो की आत्ता नको.

पण सगळ्यात भारी गोष्ट अरण्यकांडात आहे, आणि ती सीता सांगते. राम दंडकारण्यातल्या ऋषींना राक्षस मारण्याचं वचन देऊन बसलाय. सीतेला ते खटकतं. ज्यांनी आपलं काही बिघडवलं नाही त्यांना का मारायचं, असं तिचं म्हणणं. मग ती एका तपस्व्याची गोष्ट सांगते. इंद्र योद्ध्याच्या वेषात त्याच्याकडे आला आणि आपली तलवार अनामत ठेवून गेला. तपस्वी प्रामाणिक. दुसऱ्याची ठेव हरवू नये म्हणून तो कंदमुळं आणायला जातानाही ती बरोबर घ्यायला लागला. रोज तलवार हातात. हळूहळू त्याचं मन कठोर झालं, तप सुटलं, तो हिंसेकडे वळला आणि नरकात गेला.

या तलवारीत कुठलाही आत्मा शिरलेला नाही. तिला डोळा नाही, पट्टा नाही, ती बोलतही नाही. आणि त्या माणसाच्या मनात सुरुवातीला पापही नाही, उलट चांगुलपणाच आहे. तरी ती त्याला खाते. सीता म्हणते, शस्त्राची संगत ही विस्तवाच्या संगतीसारखी असते. मी आजवर वाचलेल्या झपाटलेल्या तलवारींत मला सगळ्यात भीती याच तलवारीची वाटते, कारण अशी एक मी जवळून बघितली आहे.

माझ्या आज्जाकडे ठासणीची बंदूक होती. आमचं मूळ गाव खानापूर तालुक्यात, जंगलाला लागून. रानडुकरं भात आडवं करतात, गवे ऊस खातात. म्हणून पीकरक्षणासाठी परवाना काढून ती घेतलेली. नळीत दारू, मग चिंध्या, मग छर्रे, सगळं गजानं ठासायचं. एक बार काढून दुसरा भरेपर्यंत डुक्कर शेजारच्या गावात पोचतं. सोप्यात वेदीच्या शेजारच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर ती टांगलेली असायची. पवित्र कुटुंबाची तसबीर, जळता दिवा, आणि बाजूला बंदूक. लहानपणी आम्हाला त्यात काही विचित्र वाटलं नाही. ‘हात लावू नको गं’ एवढंच आज्जा सांगायचा.

शेजाऱ्याशी आमचं बांधावरच्या एका आंब्यावरून भांडण होतं. माझ्या जन्माआधीपासूनचं. दर उन्हाळ्यात ते पेटायचं. अंगणात आवाज चढला, की आज्जा मध्येच बोलणं सोडून आत यायचा आणि बंदुकीखालच्या बाकावर बसायचा. बस्स. तिला हात लावायचा नाही, तिच्याकडे बघायचाही नाही. दार उघडं असायचं, बाहेरून सगळं दिसायचं. शेजाऱ्याचा आवाज खाली यायचा आणि तो निघून जायचा. आज्जानं बंदूक कधी कुणावर रोखली नाही. रोखायची गरजच पडली नाही.

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. २०२३ ला विधानसभा झाली, २०२४ ला लोकसभा. दोन्ही वेळा आज्जा बंदूक गोणपाटात गुंडाळून देऊन आला आणि पावती प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली. भिंतीवर तिच्या आकाराचा फिकट डाग तेवढा राहिला. २०२४ च्या उन्हाळ्यात मी सुट्टीला गावी होते. आंबे धरले होते. शेजारी आला, नेहमीसारखा आवाज चढला, आज्जा उठला, आत आला, बाकापाशी थांबला. मग काय वाटलं कोण जाणे, परत बाहेर गेला आणि कट्ट्यावर त्याच्या शेजारी बसला. आज्जीनं दोनदा चहा केला. आंबे निम्मे-निम्मे ठरले. एवढंच. इतक्या वर्षांचं भांडण दोन चहात संपलं. निकालानंतर बंदूक घरी आली, वाटणी मात्र तशीच राहिली.

गेल्या पावसाळ्यात आज्जा वारला. बंदूक परत ठाण्यात गेली. आता वारसांपैकी कुणीतरी परवान्यासाठी अर्ज करायचा, नाहीतर ती सरकारजमा करायची. काकाला ती हवी आहे. त्याचं म्हणणं खोटं नाही, डुकरं काल्पनिक नाहीत, या वर्षीही खालच्या वाफ्यातलं भात गेलं. पप्पा म्हणतात, झटका मशीन बसवू, कुंपणाला तार लावू. दोघांचं बोलणं झालं की आज्जी गप्प असते. एकदा मात्र भाकरी थापता थापता ती मला म्हणाली, “डुकरं किती मारली ह्यांनी? बोटावर मोजण्याइतकी. पण ती घरात आली आणि ह्यांनी भांडण बोलून संपवायचं सोडलं की.”

२ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आम्ही आज्जाच्या कबरीवर मेणबत्त्या लावल्या. परत येताना भाऊ हळूच म्हणाला, “ताई, आज्जाचा आत्मा त्या बंदुकीत गेला असेल काय?”

मला हसू आलं नाही. त्याच्या खेळात आत्मे हत्यारातच जातात, आणि आज्जाला आठवायचं तर डोळ्यांसमोर तो बाक आणि ती भिंतच येते. मी म्हटलं, नाही, आज्जा देवाकडे आहे. ते मी मनापासून सांगितलं. पण रात्री पडल्या पडल्या वाटलं, प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. आज्जाचा आत्मा नाही, पण आज्जाचा थोडा आवाज त्या बंदुकीत गेला होता. जे त्यानं बोलायला हवं होतं, ते इतकी वर्षं तीच त्याच्यासाठी बोलत होती.

दर शुभ शुक्रवारी आम्ही योहानाच्या शुभवर्तमानातली येशूच्या दुःखसहनाची कथा ऐकतो. बागेत येशूला धरायला लोक येतात. पेत्र तलवार उपसतो आणि मुख्य याजकाच्या दासाचा, मल्खाचा, उजवा कान तोडतो. येशू तलवारीला काही बोलत नाही. तो पेत्राला सांगतो, ती म्यानात घाल. आणि लूकच्या शुभवर्तमानात तो त्या कानाला हात लावून तो बरा करतो. तिथंही सोय नाही. तलवार झपाटलेली होती असं पेत्राला म्हणता येत नाही. होनएज मला अजूनही आवडते. पण आता कळतंय की तिचा तो डोळा आपल्या समाधानासाठी आहे. हत्याराला डोळा दिला की आपण आपला मिटू शकतो.

आज्जीला इंग्रजी येत नाही, म्हणून तिनं मला दोन्ही अर्ज लिहायला सांगितले. एक काकाच्या नावे परवान्यासाठी, एक बंदूक परत करण्यासाठी. मी दोन्ही सारख्याच मन लावून लिहिले, कारण निर्णय तिचा आहे. पण कागद देताना तिला सीतेची ती गोष्ट सांगितली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “मग त्या साधूनं ती परत का नाही दिली?”

“त्याला वाटलं, सांभाळणं हेच आपलं काम आहे,” मी म्हटलं.

“हं,” आज्जी म्हणाली.

सही तिनं अजून कशावरच केलेली नाही. सुगी संपल्यावर बघू म्हणते. नाताळच्या आधी सोप्याला चुना मारायचा आहे, तेव्हा बंदुकीच्या त्या डागावरही मारायचा, एवढं मात्र तिनं काकाला सांगून ठेवलंय.