कोळी आणि त्याचें जाळें

मराठी भाषेनें ‘कोळी’ हें एकच नांव दोघांस दिलें आहे : दर्यांत जाळें टाकणारास, आणि आढ्याला जाळें विणणारास. जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडच्या, किनाऱ्यावर दोघेहि हाकेच्या अंतरावर नांदतात. आणि त्यांच्यापैकीं कोणाचीहि ओळख जाळें वगळून करून द्यावी, असें तेथें कोणाच्या मनांत येत नाहीं. तें येतें छायाचित्रकाराच्या मनांत.

त्यास कारणहि आहे. जिवंत कोळ्याएवढीच त्याची प्रतिमा पाडणारें भिंग जोडलें, कीं छिद्र पुष्कळ लहान करूनहि जेमतेम मिलिमीटरभर खोलीचा भाग रेखीव उमटतो. डोळे साधावे तर पाय धूसर होतात. पाय साधावे तर डोळे जातात. अनेक चित्रें घेऊन संगणकावर त्यांचें एक करतां येतें खरें, परंतु त्यासाठीं प्राणी निश्चल हवा. आणि नागांव-चौलच्या सुपारीच्या वाडींत जाळें निश्चल केव्हां असतें? रात्रीचा मतलई वारा पडावा आणि समुद्रावरचा खारा वारा सुटायचा असावा, एवढाच काय तो सकाळचा अवधि. तेवढ्यांत उजेडहि पुरेसा व्हावयास हवा. अशा कित्येक सकाळीं आम्ही चित्रावांचून परतलों आहोंत.

म्हणून कोणीं सोपी वाट काढली. कोळ्यास डबींत घालून फ्रीजमध्यें ठेवावें, गारठून तो मंदावला म्हणजे पांढऱ्या कागदावर किंवा शोभिवंत पानावर मांडावा, आणि सावकाश चित्रें घ्यावीं. चित्र देखणें होतें, यांत वाद नाहीं. उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या आठ डोळ्यांपैकीं पुढचे दोन टपोरे डोळे असे रोखून पाहतात, कीं मुलें तें चित्र हातचें सोडीत नाहींत. (हा कोळी शिकारीसाठीं जाळें विणीत नाहीं, एवढी सूट त्याच्या चित्रकारास द्यावयास हवी.) पण चक्राकार जाळें विणणाराची अशी मांडणी आम्हांस मुळींच पटत नाहीं. त्याची दृष्टि मंद. भक्ष्याची वार्ता त्यास धाग्यांच्या कंपांतून कळते. कोंकणच्या रानांतील थोरल्या वनकोळ्याची मादी सोनेरी छटेचें जाळें विणते. तिचें अंगच दीड इंचाच्या आसपास भरतें, आणि नर अवघा कांहीं मिलिमीटरांचा, तिच्याच जाळ्यांत जीव मुठींत धरून बसलेला. मादीला उचलून कागदावर नेलें, कीं तो सारा संसार चित्राबाहेर राहतो. दुसरी एक जात पाय जोडीजोडीनें जुळवून फुलीसारखी बसते व जाळ्याच्या मध्यभागीं पांढरी नागमोडी वीण घालते. ती भक्ष्यास भुलविण्यासाठीं कीं पक्ष्यांस सावध करण्यासाठीं, यावर पंडितांचें अद्याप एकमत नाहीं. कागदावरच्या कोळ्यास हें विचारण्याची सोयच नाहीं.

कोणी म्हणेल, जात ओळखण्यापुरतें तरी असें चित्र हवें. तेंहि पुष्कळदां साधत नाहीं. अखेरचा निवाडा बहुधा सूक्ष्मदर्शकाखालीं, जननेंद्रियांच्या रचनेवरून होतो. २०२१ सालीं ठाण्याच्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्यास हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचें नांव देण्यांत आलें, तेंहि अशाच तपासणीनंतर.

चित्रास सांगतां येतें तें निराळें : जाळें जमिनीपासून किती उंच होतें, कोणत्या दोन झाडांमध्यें ताणलें होतें, त्यांत काय अडकलें होतें. एवढें सांगणारीं आमचीं चित्रें थोडीं आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांत एखादा पाय धूसरच आहे.