चांदीचा घसारा

गौरी-गणपती आठ दिवसांवर आले की आमच्याकडची चांदी कपाटातून बाहेर येते आणि मला कपाटात जावंसं वाटतं. चांदी म्हणजे काय हो, एक तबक, दोन निरांजनं आणि आजीचं फुलपात्र. वर्षभर फडक्यात निजलेली ही मंडळी उठतात ती थेट तव्याशी नातं सांगत. हवेतलं गंधक चांदीला धरतं, तिचं सल्फाइड होतं, म्हणून ती काळी पडते. सौ.च्या मते ती माझ्या आळसानं पडते.

आई टूथ पावडरवाली. दात नि चांदी एकाच डब्यातून! पण पावडरीनं काळ्या थराबरोबर चांदीही थोडी थोडी जाते. वस्तू दरसाल झिजते त्याला आम्ही बी.कॉम.वाले घसारा म्हणतो. हा शब्द भांडी घासणाऱ्यानंच काढला असावा. फुलपात्रावर ठिपक्यांनी कोरलेल्या आजीच्या नावातली वेलांटी अशीच गेली.

यंदा मी अॅल्युमिनियमच्या पातेल्यात खायचा सोडा टाकला, कढत पाणी ओतलं आणि फुलपात्र तळाला टेकवून बुडवलं. नासक्या अंड्यासारखा वास आला. गंधक चांदीच्या खात्यातून अॅल्युमिनियमच्या खात्यात वर्ग. चांदी जागच्या जागी.

आई नाक धरून बघत होती. फुलपात्र पुसून तिनं सासूच्या नावावरून अंगठा फिरवला.

"लागतंय हो अजून हाताला!"

मग टूथ पावडरचा डबा माझ्याकडे सरकवत म्हणाली, "तबकावर कुणाचं नाव नाही. ते घास."