लेकीच्या गावी : चॅपेल हिल

"तुमची मुलगी अमेरिकेत काय शिकते?" असं कुणी विचारलं की गेली तीन वर्षं माझी पंचाईत व्हायची. डॉक्टर नाही, इंजिनिअर नाही, कॉम्प्युटर तर नाहीच. 'ह्यूमन मूव्हमेंट सायन्स' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे पीटी टीचर होणार का?" मग मी चहा टाकायच्या निमित्ताने आत जायची. यंदा एप्रिलमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे तीन आठवडे राहून आलो. आता उत्तर देता येतं, म्हणून हा लेख.

खरं सांगायचं तर जाताना मनात अढी होती. माझ्या सासूबाई, आमच्या माई, जनकगंजातल्या जुन्या घरात देवघराच्या उंबरठ्याला अडखळून पडल्या. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा चालल्या नाहीत. चार महिन्यांत गेल्या. ज्या नातीला त्यांनी अंगाखांद्यावर वाढवलं, ती आली नाही. तिच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली होती. तिथे राहून शिकायला त्याने अडत नाही, पण एकदा देशाबाहेर पडलं की परत जायला नवा व्हिसा लागतो, आणि तो किती दिवसांत मिळेल याचा भरवसा नसतो. तिने न यायचं ठरवलं. मी फोनवर "बरं" म्हटलं, पण मला ते बरं वाटलं नव्हतं.

दिल्लीहून निघून, मध्ये विमान बदलून आम्ही रॉली-डरहॅमला उतरलो. तिथून चॅपेल हिल अर्ध्या तासाच्या आत. नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं हे गाव टेकडीवर वसलेलं आहे. तिथे पूर्वी 'न्यू होप चॅपेल' नावाचं छोटं प्रार्थनाघर होतं, त्यावरून हे नाव पडलं. माती लाल, थेट कोकणातल्यासारखी. उंच उंच पाइनची झाडं आणि एप्रिलमध्ये त्यांचे पिवळे पराग गाड्यांवर, पायऱ्यांवर हळद सांडावी तसे पसरलेले. मधूनच डॉगवूडचा पांढरा बहर. ते त्या राज्याचं फूल. गावातल्या बसला २००२ पासून तिकीटच नाही. ह्यांनी पहिल्या दिवशी सवयीने ड्रायव्हरपुढे नोट धरली, तो हसून "बसा" म्हणाला.

अमेरिकेत विद्यार्थ्यांसाठी दरवाजे उघडणारं पहिलं सरकारी विद्यापीठ हे, १७९५ सालचं. पहिला विद्यार्थी हिंटन जेम्स. तो विल्मिंग्टनकडून पावणेतीनशे किलोमीटर चालत आला असं सांगतात, आणि पहिले दोन आठवडे सगळ्या विद्यापीठात तो एकटाच विद्यार्थी होता. चालण्याचा अभ्यास करायला लेकीने गाव बरोबर निवडलं, असं ह्यांनी लगेच म्हणून घेतलं. आवारात 'ओल्ड वेल' नावाची जुनी विहीर आहे, वर खांब आणि घुमट. सत्राच्या पहिल्या दिवशी तिथलं पाणी प्यायलं की चांगले मार्क मिळतात, अशी मुलांची समजूत. आवारातल्या वाटा लाल विटांच्या. झाडांच्या मुळांनी विटा जागोजागी उचलल्या आहेत. लेक सारखी म्हणायची, "आई, खाली बघ."

आता तिच्या शिक्षणाबद्दल. आपल्या ग्वाल्हेरला १९५७ साली, सत्तावन्नच्या समराच्या शताब्दीला, लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय सुरू झालं. आज ते राष्ट्रीय संस्थान आहे. त्या फाटकावरून मी वर्षानुवर्षं गेले, पण आत बायोमेकॅनिक्स म्हणजे हालचालींचं गणितही शिकवतात हे मला ठाऊक नव्हतं. लेकीने फिजिओथेरपीची पदवी घेतली आणि याच गणिताच्या मागे लागली. चॅपेल हिलचा पीएचडीचा अभ्यासक्रम फिजिओथेरपी आणि व्यायामशास्त्र अशा विभागांचा मिळून आहे. माणूस कसा चालतो, उडी मारून कसा उतरतो, गुडघा कशाने दुखावतो, म्हातारपणी तोल का जातो, हे सगळं त्यात येतं.

पैशाचं कसं, हे अनेक आईबाप विचारतात. तिला 'असिस्टंटशिप' आहे. मला आधी वाटायचं, ही एक प्रकारची शिष्यवृत्ती. तसं नाही, ती नोकरी आहे. आठवड्याला वीस तासांपर्यंत काम. परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना त्याहून जास्त काम करायची परवानगी नसते. काहींना शिकवण्याचं काम मिळतं, म्हणजे पदवीच्या मुलांची प्रात्यक्षिकं घ्यायची, वह्या तपासायच्या. काहींना प्रयोगशाळेतलं. बदल्यात फी माफ किंवा कमी, दरमहा मानधन आणि बहुतेक ठिकाणी आरोग्य विमा. लेक दोन्ही कामं करून चुकली आहे. वीस तास कागदावर. स्वतःचा अभ्यास धरला तर रात्री नऊच्या आधी ती क्वचितच घरी यायची.

ज्यांची मुलं या वाटेने जाऊ पाहतात त्यांच्यासाठी तिने सांगितलेल्या चार गोष्टी. प्रवेश आणि असिस्टंटशिप ही दोन वेगळी पत्रं असतात. पहिलं आलं म्हणून दुसरं येतंच असं नाही. या क्षेत्रात पुष्कळदा प्राध्यापकच आपल्या संशोधनाच्या निधीतून विद्यार्थी घेतात, म्हणून अर्जाआधी त्यांचं काम वाचून त्यांना लिहावं. मानधन अनेकदा नऊ महिन्यांचं असतं. उन्हाळ्याचं काय, हे आधी विचारावं. निधी देऊ करणारी पत्रं आली तर घाईने होकार देऊ नये. बहुतेक विद्यापीठांनी १५ एप्रिलपर्यंत थांबायचं मान्य केलेलं आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं : ही पीएचडी मिळाली म्हणून अमेरिकेत फिजिओथेरपिस्टचा परवाना मिळत नाही, त्याची वाट वेगळी. आपल्याकडच्या अनेक मुलांचा इथेच घोटाळा होतो.

चाचण्या चालू असताना बाहेरच्यांना प्रयोगशाळेत जाता येत नाही, म्हणून एका रविवारी तिने आम्हांला परवानगी काढून नेलं. मोठी खोली, भिंतींवर चहूबाजूंनी कॅमेरे, मध्ये चालायचा पट्टा. त्याखाली वजनाचा दाब मोजणाऱ्या पट्ट्या. अंगावर चमकते लहान गोळे चिकटवतात, कॅमेरे ते टिपतात, आणि पडद्यावर नुसत्या ठिपक्यांचा माणूस चालताना दिसतो. मैत्रिणीने यंत्र सांभाळलं आणि लेक स्वतः पट्ट्यावर चढली. छताला टांगलेला पट्टा तिच्या अंगाला बांधला होता. ती चालू लागली, आणि अचानक पायाखालचा पट्टा झटका देऊन पुढे सरकला. तिचा तोल गेला. माझ्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. पण तिने एक मोठं पाऊल टाकलं आणि सावरली.

"हेच आम्ही मोजतो," ती म्हणाली. "अमेरिकेत पासष्टीनंतर दर चारांत एक माणूस वर्षातून एकदा तरी पडतो. अडखळणं थांबवता येत नाही. पण अडखळल्यावर सावरायचं पाऊल सरावाने शिकवता येतं."

मग तिने पडद्यावर एक रेघ दाखवली. चालताना पाय पुढे जातो तेव्हा अंगठा जमिनीपासून किती वर असतो त्याची. मध्यावर तो जेमतेम एक ते दीड सेंटिमीटर असतो. तेवढ्यावर आपण जन्मभर चालतो. "उंबरठा दिसतो म्हणून आपण पुढचा पाय उचलतो. मागचा पाय ओलांडताना मात्र डोळे पुढे गेलेले असतात. तो नुसत्या आठवणीवर उचलायचा. माईचा मागचाच पाय अडकला होता."

"तुला काय माहीत?" मी विचारलं.

ती ह्यांच्याकडे बघू लागली. तेव्हा कळलं, माई दवाखान्यात असताना तिने ह्यांना फोन करून सगळं विचारलं होतं. कुठला पाय, हातात काय होतं, दिवा लागला होता का. ह्यांनी टेप घेऊन उंबरठा मोजून तिला कळवला होता. साडेपाच इंच. मला दोघांनी सांगितलं नव्हतं. माझ्याशी तेव्हा त्या विषयावर बोलायची सोय नव्हती, हे खरं.

"मी आले असते तर आई, मी तिच्या उशाशी बसले असते. यायला हवं होतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही," ती म्हणाली. मला काही बोलता आलं नाही. परत येताना त्या विटांच्या वाटेवर मी तिचा हात धरला. खाली बघायला मग तिने सांगितलं नाही.

ग्वाल्हेरला आल्यावर देवघराचा उंबरठा काढायचा विषय निघाला. माईंनी रोज त्यावर रांगोळी काढली होती, माझा हात धजेना. दोन्ही बाजूंनी पिवळी पट्टी रंगवली, चौकटीला धरायला दांडी बसवली आणि वर दिवा लावला. ह्यांना आता बहात्तरावं लागलं आहे. रात्री पाण्यासाठी उठले की मी आतून ऐकत असते. पुढचा पाय, मग मागचा.