बोनाफाईडच्या रांगेत

आमच्या कॉलेजात समुपदेशनाची खोली ऑफिसच्या खिडकीला लागूनच आहे. त्यामुळे बोनाफाईडच्या रांगेतली सगळी पोरं त्या दाराकडे तोंड करून उभी. आत कोण गेलं, हे संध्याकाळपर्यंत हॉस्टेलभर होतं. सेकंड इयरला मी त्या रांगेत तीनदा उभा राहिलो. बोनाफाईड मला एकदाही नको होतं.

चार विषय राहिले होते आणि घरी सांगितलं नव्हतं. आमचं गाव माण तालुक्यात. पुण्यातल्या फीसाठी वडिलांनी कुणाकुणापुढे शब्द टाकला होता, ते मला माहीत होतं. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज कुठेतरी अडकलेला. मेसचे दोन महिने थकलेले. मेसवाल्या काकांची नजर चुकवायची म्हणून मी रात्रीचं जेवणच सोडलं. पहाटे तीनपर्यंत मोबाईल चाळत पडायचं आणि सकाळची लेक्चरं बुडवायची. रूममेट म्हणायचा, आळशी आहेस. मलाही ते पटलं होतं.

चौथ्यांदा गेलो तेव्हा दुपारचे सव्वादोन वाजले होते. खिडकी बंद, रांग नाही. शिरलो आत.

मला वाटलं होतं, लहानपणाबद्दल वगैरे विचारतील. मॅडमनी विचारलं, "काल रात्री काय जेवलास?"

"जेवलो की."

"काय?"

मला एका भाजीचं नाव सुचेना. मग रडूच फुटलं. त्यांनी पाण्याची बाटली पुढे सरकवली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

नंतर म्हणाल्या, "इथलं बोलणं बाहेर जात नाही. तुझ्या जिवाला धोका वाटला, तरच मी कुणाला सांगेन. तेही आधी तुला सांगून." मग एक कोरा कागद घेतला. "पैसे, झोप, अभ्यास. तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तू त्यांची एकच मोळी बांधून डोक्यावर घेतलीयस."

पैशांसाठी त्यांनी मला विद्यार्थी विकासच्या सरांकडे पाठवलं. 'कमवा व शिका' योजनेचा फॉर्म भरला. लायब्ररीच्या बुक बँकेतून सगळ्या विषयांची पुस्तकं सेमिस्टरभरासाठी मिळाली. कागदाच्या तळाशी मॅडमनी १४४१६ लिहून दिलं. टेली-मानसचा नंबर, रात्री तीनलाही लागतो, मराठीत बोलता येतं. खोलीत मात्र दर गुरुवारी जायचं ठरलं.

सगळं लगेच सुरळीत झालं नाही. काम मिळायला महिना गेला. चारपैकी एक विषय पुन्हा राहिला. सरांनी विचारलं, "आधी का नाही आलास? नोटीस लावली होती." होती खरंच. रक्तदान शिबिराच्या पोस्टरखाली.

लायब्ररीत काम लागलं तेव्हा आजोबांना फोन केला. ते साताऱ्यात रयतच्या बोर्डिंगमध्ये शिकलेले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काढलेल्या त्या संस्थेत 'कमवा आणि शिका' म्हणजे घाम गाळून शिकणं. आजोबा खूश झाले. "आम्ही शेतात राबलो, खडी फोडली. तू पुस्तकं लाव. कामाची लाज नसते," म्हणाले. संध्याकाळपर्यंत त्यांनी पारावर सगळ्यांना सांगितलं.

गुरुवारच्या खोलीबद्दल मात्र मी त्यांना बोललो नाही. खरं तर दोन्ही मदती एकाच कॉलेजातल्या, एकाच आठवड्यात घेतलेल्या. एक पारावर सांगायची, दुसरी लपवायची. फॉर्म भरायची ताकद मला त्या खोलीतच आली होती, तरीही.

दिवाळीत घरी गेल्यावर सांगितलं. आजोबा सुपारी कातरत होते. थोडा वेळ थांबले. म्हणाले, "बोर्डिंगात आमच्यातला एक पोरगा रात्री उठून विहिरीपाशी जाऊन बसायचा. आम्ही त्याला हसायचो. एक दिवस तो घरी निघून गेला, परत आलाच नाही." पुन्हा सुपारी कातरायला लागले. मग म्हणाले, "जात जा तू."

आता मी फायनल इयरला आहे. गेल्या आठवड्यात लायब्ररीत जाताना रांगेत एक ज्युनिअर दिसला. मागून येणाऱ्यांना पुढे सोडत होता. त्याच्या हातात फॉर्म नव्हता.

"बोनाफाईड पाहिजे का?" मी विचारलं.

"हो."

"खिडकी दोनला बंद होते. मॅडम साडेतीनपर्यंत असतात."

एवढं बोललो आणि मागे न बघता निघालो. त्या दारात शिरताना कुणी बघत नसलेलं बरं असतं.