परतीची धाव

पहाटेचे पाच वाजलेले असतात. पेठ वडगावच्या वेशीबाहेर उसाच्या फडांवर धुके रेंगाळत असते, आणि पुणे-बंगळूर महामार्गावरून जाणाऱ्या मालमोटारींची घरघर दुरून ऐकू येते. इतक्यात रस्त्याच्या कडेने पावलांचा एकसारखा आवाज जवळ येऊ लागतो. दहा-बारा तरुणांची टोळी धावत येते. कोणाच्या पायांत झिजलेले बूट असतात, तर कोणी अनवाणीच असतो. कोणाला सैन्यात जायचे आहे, कोणाला पोलीस दलात. भरतीच्या मैदानावर सोळाशे मीटरांचे अंतर ठरावीक वेळात तोडावे लागते, आणि त्या थोड्या मिनिटांवर एकेका घराची आशा टांगलेली असते.

टोळी पुढे निघून जाते, तेव्हा मागे एक जण उरलेला दिसतो. तो मोरीच्या कठड्यावर बसलेला असतो. गुडघ्याला पट्टा बांधलेला असतो आणि शेजारी काठी टेकवून ठेवलेली असते. अशा टोळीत असा एखादा असतोच. काही महिन्यांपूर्वी तोच सर्वांच्या पुढे धावत असे. सराव करता करता पाय मुरगळला, गुडघ्यात काहीतरी तुटले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. आता गुडघा दुखत नाही. पण भरतीची वयोमर्यादा जवळ येत चालली आहे. 'पुन्हा केव्हा धावणार?' असे कोणी विचारले, की तो तत्काळ उत्तर देतो, 'पुढच्या महिन्यात!' त्या उत्तरात त्याची उमेद आहे, आणि त्याच्यावरचे खरे संकटही त्याच उत्तरात आहे.

याच गावात सेनापती धनाजी जाधव यांची समाधी आहे. मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धात संताजी आणि धनाजी या दोन नावांनी मोगल फौजेची झोप उडवली होती. त्या युद्धाची रीत निराळी होती. शत्रू प्रबळ आहे असे दिसताच मराठ्यांची पथके मागे फिरत. घोड्यांना दाणापाणी आणि विसावा देत आणि अनुकूल वेळ येताच पुन्हा तुटून पडत. त्या रीतीत माघार घेण्यात कमीपणा नव्हता. केव्हा मागे फिरावे हे ज्याला कळे, त्यालाच केव्हा परतावे हेही कळे. दमलेले घोडे पुढे रेटणारा स्वार शूर म्हणवला जाईल. परंतु तो दुसऱ्या दिवशी पायी चालत असेल.

खेळाडूच्या आयुष्यातही असे माघारीचे प्रसंग येतात. मात्र प्रत्येकाला परतीची वाट लाभतेच असे नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना सहावे स्थान मिळाले. पुढे १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. १९५५ मध्ये ते मुंबईच्या पोलीस दलात दाखल झाले. त्यांची नजर आता १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिककडे लागली होती. पण गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि ती वारी हुकली ती कायमचीच. ज्या गुडघ्यांनी जगातील मल्लांचे डाव पेलले, त्यांतील एकाने ऐन वेळी साथ सोडली. त्या काळी आजच्यासारखी गुडघ्याची शस्त्रक्रिया खेळाडूच्या आवाक्यात नव्हती. दुखावलेला मल्ल लेप लावी, विसावा घेई आणि नशिबावर हवाला ठेवी.

खाशाबांच्या नंतर सुमारे सत्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या दुसऱ्या एका खेळाडूवर असाच प्रसंग आला. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तेथील शेतकरी कुटुंबात १९९४ साली अविनाश साबळे याचा जन्म झाला. शाळा सहा किलोमीटर दूर आणि जायला वाहन नाही. म्हणून हा मुलगा कधी चालत, कधी धावत शाळा गाठी. बारावीनंतर तो सैन्यात भरती झाला. महार रेजिमेंटचा जवान म्हणून त्याने सियाचीनचे बर्फही पाहिले आणि राजस्थानचे तापलेले वाळवंटही. शर्यतीत तो उतरला तो सैन्यात गेल्यानंतर, २०१५ साली. पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेस ही शर्यत आपलीशी केली.

लांब पल्ल्याच्या शर्यतींत ही मोठी कठीण शर्यत आहे. धावणाऱ्याला वाटेत एकंदर पस्तीस उड्या घ्याव्या लागतात. त्यांपैकी अठ्ठावीस उड्या तीन फूट उंचीच्या लाकडी आडव्यांवरून, आणि सात पाण्याच्या खड्ड्यावरून. हे आडवे पक्के असतात. पाय लागला तर ते आडवे होत नाहीत, धावणाराच आडवा होतो. पाण्याच्या अडथळ्यावरून झेप घेतली, की सारे शरीर बहुधा एकाच पायावर उतरते. त्या क्षणी सारा भार त्या एका गुडघ्यावर येतो.

अविनाशने २०१८ च्या सुरुवातीला एकदा दुखापतीची चव घेतली होती. घोट्याच्या दुखण्यामुळे त्या वर्षीच्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्याला जाता आले नाही. परंतु त्याच वर्षी भुवनेश्वर येथे त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंदांत शर्यत पुरी केली आणि गोपाल सैनी यांचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. त्यानंतर तो आपलेच विक्रम मोडीत गेला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवले. १९९८ पासून त्या स्पर्धेत या शर्यतीची सारी पदके केनियाच्या धावपटूंकडे जात होती. त्यांची ती रांग अविनाशने तोडली. सुवर्णपदक त्याच्या हातून निसटले ते सेकंदाच्या अवघ्या वीसाव्या भागाने! २०२३ मध्ये हांगझोऊ येथे त्याने आशियाई सुवर्णपदक जिंकले. २०२४ च्या जुलैत पॅरिस येथे त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंद अशी वेळ दिली, आणि पुढच्याच महिन्यात ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठून तेथे अकरावे स्थान मिळवले.

मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील गुमी येथे तो पुन्हा आशियाई विजेता ठरला. त्यानंतर दीड महिनाही उलटला नाही तोच, ११ जुलैला मोनॅको येथील डायमंड लीगच्या शर्यतीत, पाण्याच्या अडथळ्यापाशी तो कोसळला. शर्यत अर्ध्यावरच राहिली. तपासणीअंती कळले, की गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध आणि कूर्चेची गादी या दोहोंना इजा झाली आहे. मुंबईत त्याच्यावर शस्त्रक्रिया करण्यात आली. सप्टेंबरमध्ये टोकियोला होणाऱ्या जागतिक स्पर्धेसाठी तो पात्र ठरला होता. ती स्पर्धा त्याच्यावाचून पार पडली.

गुडघा म्हणजे साधी बिजागरी, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः त्याची रचना मोठी नाजूक आहे. वरून मांडीचे हाड, खालून नडगीचे हाड, पुढे वाटी. दोन हाडे एकमेकांवर घासू नयेत म्हणून मधे चंद्रकोरीच्या आकाराच्या कूर्चेच्या दोन गाद्या. सांध्याच्या गाभ्यात दोन बळकट अस्थिबंध एकमेकांस छेदून गेलेले असतात. त्यांतील पुढचा नडगीला पुढे सरकू देत नाही व गुडघ्याला भलतीकडे पिळू देत नाही. तो पुरता तुटला, तर हाडासारखा आपोआप सांधला जाण्याची आशा थोडीच असते. मग शल्यचिकित्सक रुग्णाच्याच शरीरातील कंडरेचा एक पट्टा घेतात, दोन्ही हाडांत बारीक बोगदे पाडतात आणि तो पट्टा त्यांतून ओवून पक्का करतात. शल्यचिकित्सकाचे काम काही तासांत संपते. रुग्णाचे काम त्यानंतर सुरू होते.

येथे निसर्गाची एक विचित्र गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नव्याने बसवलेला पट्टा पहिल्या दिवशी जेवढा मजबूत असतो, तेवढा तो पुढच्या काही आठवड्यांत राहत नाही. त्यातील जुन्या पेशी मरतात. हळूहळू नव्या रक्तवाहिन्या त्यात शिरतात, नव्या पेशी वस्ती करतात आणि अनेक महिन्यांनी तो खऱ्या अस्थिबंधासारखा होतो. मधल्या काळात, दोन-तीन महिन्यांच्या सुमारास, तो फार दुबळा असतो. नेमक्या त्याच वेळी सूज उतरलेली असते, वेदना थांबलेली असते, आणि 'मी बरा झालो' असे मन सांगू लागते! वेदना हा शरीराचा पहारेकरी खरा. पण या प्रसंगी दारावर संकट उभे असताना तो स्वस्थ झोपी जातो. त्याच्या भरवशावर जो धावू लागतो, त्याचा घात होण्याचा संभव फार.

म्हणूनच परतीची वाट पायरीपायरीने चढावी लागते. ज्याने आठ मिनिटांत तीन हजार मीटर पार केले, त्याला प्रथम अंथरुणावर पाय सरळ ठेवून मांडीचा स्नायू आवळायला शिकावे लागते. वापर थांबताच हा स्नायू झपाट्याने रोडावतो, आणि तो रोडावला की गुडघ्याचा आधारच जातो. मग सरळ पाय उचलणे, कुबड्या सोडून चालणे, जागच्या जागी सायकल फिरवणे. बहुधा तीन-चार महिन्यांनी संथ धाव, त्यानंतर उड्या, वळणे आणि वेग. दुखऱ्या पायावर एकट्याने उडी मारून तिची चांगल्या पायाच्या उडीशी तुलना करतात. दोहोंत फारसे अंतर उरले नाही, तरच पुढची परवानगी मिळते. नऊ महिन्यांच्या आत स्पर्धेत उतरणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण अधिक असते, असे अभ्यासकांना आढळून आले आहे. आणि या सर्वांनंतरही एक काम उरतेच. पाय सज्ज झाला तरी मन बिचकते. आडवा समोर येताच पाऊल क्षणभर अडखळते. आपल्याच पायावर पुन्हा विश्वास ठेवणे, ही या वाटेवरची शेवटची पायरी होय.

याउलट एक उदाहरण अनेकदा सांगितले जाते. जोन बेनॉइट ही अमेरिकेची मॅरेथॉन धावपटू. १९८४ च्या एप्रिलमध्ये तिच्या गुडघ्यावर दुर्बिणीच्या साहाय्याने शस्त्रक्रिया झाली. सतरा दिवसांनी ती ऑलिंपिकच्या निवड-शर्यतीत धावली आणि जिंकली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिस येथे स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये प्रथमच घेण्यात आली. तेथेही २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत तिनेच सुवर्णपदक पटकावले. तिचे धैर्य अलौकिक होते, यात शंका नाही. पण तिच्या गुडघ्यातील बिघाड लहान होता. तिचा अस्थिबंध शाबूत होता. तिच्या सतरा दिवसांचा हिशेब मनात धरून दुसऱ्याने आपले नऊ महिने कापू नयेत. एकाचे औषध दुसऱ्यास लागू पडत नाही, तसे एकाचे धाडसही दुसऱ्यास लागू पडत नाही.

शर्यतीचा निकाल फलकावर लागतो. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत नोंदली जाते, पदक गळ्यात पडते आणि लोक टाळ्या वाजवतात. परंतु अंथरुणावर पाय आवळण्यात गेलेल्या सकाळी कोणत्याही फलकावर लागत नाहीत. 'आज एवढेच' असे स्वतःला बजावून ज्या दिवशी धावपटू थांबतो, त्या दिवसाला टाळी नाही. खाशाबांच्या वाट्याला जी संधी आली नाही, ती आजच्या शास्त्राने अविनाशच्या वाट्याला आणून दिली. मात्र शास्त्र संधी देते, धीर देत नाही. तो ज्याचा त्याने आणावयाचा असतो. वेगाने धावणे हे ज्याचे सारे आयुष्य, त्याने सावकाश चालण्याचे व्रत महिनोन्महिने पाळणे, ही पस्तीस उड्यांहून मोठी उडी म्हटली पाहिजे.

वडगावच्या रस्त्यावर आता उजाडू लागलेले असते. टोळी वळसा घालून परत येते. 'चल रे, निदान त्या वडापर्यंत तरी!' असे कोणी धावता धावता ओरडून सांगतो. कठड्यावरचा तरुण उठतो. गुडघा मुळीच दुखत नसतो, आणि एक पाऊल तर सहज पुढे पडलेलेच असते. क्षणभर तो टोळीकडे पाहतो. मग हात हलवून 'तुम्ही व्हा पुढे' असे म्हणतो. डॉक्टरांनी पाचशे पावले चालण्यास सांगितलेले असते. तो एकेक पाऊल मोजत मैलाच्या दगडापर्यंत जातो. दगड येतो, तसा तो थांबतो, वळतो आणि तितक्याच सावकाश परत येऊ लागतो.