बिनसारथ्याची मोटार

बिऱ्हाड अमरावतीस आणि नोकरी अकोल्यास, असा संसार आमच्या वऱ्हाडांत कांहीं नवा नव्हे. आगगाडीनें तो शक्य केला व मोटारीनें सोपा केला. अशा रोज जाऊन येणाऱ्या मंडळींस लोक 'अप-डाऊनवाले' म्हणतात. आमचे धाकटे बंधू त्यांतलेच. जाऊन येऊन सुमारें २०० किलोमीटरांची त्यांची ही वारी गेलीं नऊ वर्षें चालू आहे. याच रस्त्यावर लोणी ते माना या भागांत जून २०२२ मध्यें ७५ किलोमीटरांचा एकेरी डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घातला गेला आणि त्याची गिनीज बुकांत नोंद झाली, हें वाचकांस आठवत असेलच. रस्ता गुळगुळीत झाला. गुळगुळीत रस्त्यावर झोंप लौकर येते, हें मात्र तेव्हां आमच्या घरांत कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत एके रात्रीं मूर्तिजापूर मागें पडल्यावर बंधूंचा डोळा लागला. सुदैवानें मोटार नवी होती. तिच्या पुढच्या कांचेमागें बसविलेला कॅमेरा रस्त्यावरच्या पांढऱ्या रेषा सारख्या वाचीत असतो. चाक रेषेवर जातांच घंटी वाजली, स्टीअरिंग हातांत थरथरलें, आणि ते जागे झाले. घरीं ही गोष्ट त्यांनीं चार दिवसांनीं सांगितली. तीही सूनबाई देवदर्शनास गेल्या असतां.

या मोटारीस स्वयंचलित म्हणतां येत नाहीं. जाणकार लोक या विद्येच्या शून्यापासून पांचपर्यंत पायऱ्या मानतात. आपल्याकडे विकत मिळणाऱ्या मोटारी दुसऱ्या पायरीपर्यंत आल्या आहेत. पुढील वाहनाचें अंतर मोजून त्या वेग आवरतात, प्रसंगीं ब्रेकही लावतात; पण लक्ष माणसानेंच ठेवावयाचें. जेथें रेषा पुसल्या आहेत किंवा चिखलाखालीं गेल्या आहेत, तेथें हा मदतनीस गप्प बसतो.

मोटार कोठें आहे तें घरबसल्या फोनवर दिसतें, ही दुसरी सोय. तिचें आम्हांस तितकेंसें कौतुक नाहीं. पूर्वीं रात्रीं आठानंतर लागणारी काळजी आतां सायंकाळीं सहापासूनच लागते, आणि चहाच्या टपरीवर दहा मिनिटें थांबल्यास त्याचा जबाब द्यावा लागतो. नागपुरास सप्टेंबर २०२१ मध्यें सुरू झालेल्या 'आय-रास्ते' योजनेंत मात्र या विद्येचा खरा उपयोग दिसतो. तेथें शहराच्या बसगाड्यांवर धोक्याची सूचना देणारीं यंत्रें बसविलीं. एकाच ठिकाणीं तीं पुनःपुन्हां वाजूं लागलीं म्हणजे अपघाताची वाट न पाहतां ती जागा हेरतां येते. एका ड्रायव्हरास बसलेला दचका उद्यां अनोळखी माणसाच्या उपयोगीं पडावा, ही कल्पना आम्हांस फार आवडली.

हें बोलणें जेवतांना चाललें असतां आत्याबाईंनीं विचारलें, "एवढी शहाणी मोटार आहे, तर ती मला एकटीला कारंज्याला नेईल का?"

हंसण्यासारखें त्यांत कांहीं नव्हतें, तरी आम्ही हंसलों. आत्याबाईंचें वय ७८. श्रीनृसिंहसरस्वतींच्या जन्मस्थानीं, कारंज्याच्या गुरुमंदिरांत, जमेल त्या गुरुवारीं जाण्याचा त्यांचा नेम. मूर्तिजापूरहून यवतमाळास जाणारी 'शकुंतला' गाडी चालू होती तोंवर त्या एकट्या जाऊन येत. कोणास विचारावें लागत नसे. ती गाडी बंद पडली आणि त्यांचें जाणें आमच्या सवडीवर आलें. गेल्या वर्षीं ठरविलेल्या चार गुरुवारांपैकीं तीन हुकले. एकदां घरांत लग्न निघालें, एकदां बंधूंस रजा मिळाली नाहीं, एकदां नेहमीचे ड्रायव्हरभाऊ दुसऱ्या भाड्यावर गेलेले. आम्हांस स्वतःस मोटार चालवितां येत नाहीं.

अमेरिकेंतील फिनिक्स शहरीं २०२० पासून 'वेमो'च्या बिनड्रायव्हरच्या मोटारी कोणासही भाड्यानें मिळूं लागल्या. तेव्हां आत्याबाईंचा प्रश्न वेडगळ नव्हता. आपल्याकडे मात्र रस्तेवाहतूक मंत्री श्री. नितीन गडकरी यांनीं डिसेंबर २०२३ मध्यें नागपुरास स्पष्ट सांगितलें कीं, अशा मोटारी आपण भारतांत येऊं देणार नाहीं, कारण त्यानें ड्रायव्हर लोकांच्या नोकऱ्या जातील. हें म्हणणें न्यायाचें आहे. आमचे ड्रायव्हरभाऊ "थांबा जी आत्याबाई, रस्त्याच्या बाजूनं उतरू नका," असें म्हणून स्वतः दार उघडतात आणि दर्शन होईपर्यंत बाहेर त्यांची पिशवी सांभाळीत बसतात. हें यंत्रास साधेल असें वाटत नाहीं. परंतु ते तीन गुरुवार हुकले तेव्हां ड्रायव्हरभाऊंची मजुरी कोणी हिरावली नव्हती. माणूस मिळाला नाहीं, आणि त्याचा भुर्दंड आत्याबाईंस पडला. हा हिशेब मंत्रिमहोदयांच्या बोलण्यांत आला नाहीं. खरें म्हणजे आमच्या घरांतही तोंवर कोणी मांडला नव्हता.

भय आहेच. मार्च २०१८ मध्यें अमेरिकेंतील टेंपी येथें सायकल हातांत धरून रस्ता ओलांडणारी एक बाई प्रयोगाच्या अशाच मोटारीखालीं सांपडून मरण पावली. चौकशींत असें दिसलें कीं, यंत्रास ती आधींच दिसली होती. पण ही मोटार, सायकल कीं आणखी कांहीं, हें त्यास ठरवितां येईना. देखरेखीस बसविलेल्या व्यक्तीचें लक्ष फोनकडे होतें. वऱ्हाडांत तर हातांत कांहीं न धरतां रस्ता ओलांडणारा माणूस विरळा! श्रावणाच्या शेवटच्या सोमवारीं गांधीग्रामहून पूर्णेचें पाणी घेऊन अकोल्याच्या राजेश्वराकडे कावडी निघतात; एकेका कावडीस अनेक भरणे बांधलेले, आणि वाहणाऱ्यांची रांग रस्ताभर. फिनिक्समध्यें शिकलेली मोटार त्या दृश्यास काय नांव देईल?

आत्याबाईंनीं सर्व ऐकून घेतलें. हात धुवावयास उठतांना म्हणाल्या, "ती येईल तेव्हां येईल. येत्या गुरुवारीं कोण येतें आहे, तें आधीं सांगा."

बंधूंनीं त्याच रात्रीं रजेचा अर्ज लिहिला.