पाहिले म्हणून सांगितले

प्रभाकर बरवे यांचे 'कोरा कॅनव्हास' आम्ही किती वेळा वाचले असेल, याची मोजदाद नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक वर्गात ललित गद्य शिकवताना आम्ही हुकमाच्या पानासारखे काढत असू. अवकाश, वस्तू, आकार हे शब्द त्यातूनच आमच्या तोंडी बसले. बरव्यांचे एकही मूळ चित्र मात्र आम्ही पाहिलेले नव्हते. आणि त्याची खंत तर सोडाच, जाणीवही आम्हांला नव्हती.

साहित्याच्या माणसाचे चित्रांशी बहुधा असेच असते. जहांगीर आर्ट गॅलरीतल्या 'समोवार'मध्ये आम्ही उमेदवारीच्या काळातल्या कितीतरी दुपारी कवितेवर वाद घालण्यात घालवल्या. (ते उपाहारगृह २०१५ साली बंद झाले, तेव्हा हळहळणाऱ्यांत आम्ही आघाडीवर होतो.) त्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर १९६३पासून 'केमोल्ड' ही गॅलरी आहे, हे आम्हांला ठाऊक नव्हते. एका स्नेह्यांनी हाताला धरून जिना चढवला, तोवर ती गॅलरी फोर्टमधल्या नव्या जागेत जाण्याच्या बेतात होती. २००७ साली ती गेलीही.

हे स्नेही बँकेत नोकरीला होते. शनिवारी अर्धा दिवस भरला की काळा घोड्याच्या परिसरातली प्रदर्शने पायी पालथी घालायची, हा त्यांचा नेम. त्यांची शिफारसही त्यांच्यासारखीच, मोजकी. प्रदर्शन चांगले की वाईट हे ते कधी सांगत नसत. "जेवून जा, वेळ लागेल." "आधी सगळे एकदा चालून या, मग परत पहिल्यापासून." एवढेच. वर्तमानपत्रातले परीक्षण वाचून आम्ही क्वचितच कुठे गेलो असू, कारण परीक्षण वाचले की पाहिल्यासारखेच वाटते. या माणसाच्या एका वाक्याने मात्र पाय निघत. गॅलरीच्या काचेच्या दाराशी, आत कोणीच नाही हे पाहून जो संकोच वाटतो, तो "अमक्यांनी पाठवले आहे" असे मनाशी म्हटले की ओसरत असे. तिकीट नसते, कोणी हटकत नाही. तरी ते दार ढकलायला आम्हांला कोणीतरी सोबत लागते, हे कबूल केलेले बरे.

फेब्रुवारी २०१९मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबईतील दालनात बरव्यांचे 'इनसाइड द एम्प्टी बॉक्स' हे प्रदर्शन सुरू झाले. स्नेह्यांचा निरोप आला : "पुस्तक पुष्कळ झाले. आता जा."

आम्ही गेलो नाही. पेपर तपासायचे होते, पाहुणे होते, पुढच्या आठवड्यात नक्की होते. प्रदर्शन संपले. नंतर त्यांचा फोन आला तेव्हा आम्ही, पाहिले, असे सांगितले. उद्घाटनात अमोल पालेकरांचे भाषण मध्येच अडवले गेले होते, त्याच्या बातम्या आम्ही बारकाईने वाचल्या होत्या. त्या भांडवलावर कलासंस्थांच्या स्वायत्ततेविषयी आम्ही दहा-पंधरा मिनिटे बोललो, आणि बोललो ते खोटेही नव्हते. त्यांनी ऐकून घेतले. मग विचारले, "ते झालेच. पण दारे-खिडक्यांना लावायचा तो एनॅमल, बरव्यांनी कॅनव्हासवर लावलेला, जवळून कसा वाटला तुम्हांला?"

"अप्रतिम," आम्ही म्हणालो.

पलीकडे शांतता. गेल्या कित्येक वर्षांत आमच्या बोलण्यात हा शब्द कधी आला नव्हता. विद्यार्थ्याने पुस्तक न वाचता उत्तर लिहिले की ते पहिल्या ओळीत कळते, असे आम्हीच स्टाफरूममध्ये सांगत आलो आहोत. त्यांनी हवापाण्याचे काहीतरी विचारले आणि फोन ठेवला.

नंतर निरोप येईनासे झाले. वाचनात खंड पडला नाही, पण 'कोरा कॅनव्हास' शिकवायला घेतले की जीभ अडखळू लागली. घड्याळ, पान, सेफ्टी पिन, ढग ही बरव्यांच्या चित्रांतली मंडळी आम्ही छापील पानावर, टपाल तिकिटाएवढी पाहिली होती. आणि त्या आधारावर मुलांना अवकाश समजावून देत होतो.

नोव्हेंबर संपता संपता त्याच वास्तूत सुधीर पटवर्धनांचे मोठे प्रदर्शन लागले. ठाण्यात वर्षानुवर्षे रेडिऑलॉजिस्ट म्हणून काम करून चित्रे काढणारा हा माणूस. पूल, लोकल, इराणी हॉटेल, कामावरून परतणारी माणसे. स्नेह्यांचा निरोप आला : "पटवर्धन. जाणार नसाल तर तसे कळवा."

आम्ही पहिल्याच रविवारी गेलो, जेवून. एकदा सगळे चालून आलो, मग परत पहिल्यापासून. संध्याकाळी बाहेर पडून पदपथावरूनच त्यांना फोन लावला. बरव्यांचे प्रदर्शन पाहिले नव्हते, हे आधी सांगितले.

"ते तेव्हाच कळले," ते म्हणाले. "आजचे काही सांगू नका. मी अजून गेलेलो नाही. पुढच्या शनिवारी परत याल?"